मुरगाव बंदरात क्रूझ थांबल्यावर गर्दी टाळून निवांत किनारा कसा गाठावा

मी गोव्यात, मुरगाव बंदराला लागून असलेल्या वास्को शहरात राहतो. पावसाळा ओसरल्यापासून पुढच्या पावसाळ्याच्या तोंडापर्यंत क्रूझचा हंगाम असतो आणि त्या काळात नात्यातले किंवा ओळखीचे कोणी ना कोणी मुंबईहून जहाजाने येतेच. त्यांतल्या बहुतेकांचा गोव्यातला दिवस एकाच पद्धतीने बिघडताना मी पाहिला आहे. सावकाश नाश्ता करून मंडळी दहा-साडेदहाला बंदराबाहेर येतात, टॅक्सीवाल्याला "चांगल्या बीचवर न्या" असे सांगतात आणि जहाजाच्या बसगाड्या जिथे उभ्या आहेत त्याच कोलव्याच्या वाहनतळावर उतरतात. काही जण हट्टाने कळंगुटला जातात आणि अर्धा दिवस गाडीत काढतात.

गर्दी सगळ्या किनाऱ्यावर सारखी पसरलेली नसते. ती वाहनतळाच्या तोंडाशी आणि दिवसाच्या ठरावीक तासांत साचते. म्हणून लांबचा किनारा शोधण्यापेक्षा किनाऱ्यावर उतरण्याची जागा आणि वेळ बदलणे अधिक फळ देते. पुढील टप्पे याच क्रमाने करावेत, कारण पहिल्या दोन टप्प्यांतली चूक नंतर भरून काढता येत नाही.

## टप्पा 1: वेळेचा हिशेब शेवटाकडून मांडा

जहाज सुटण्याची वेळ आणि प्रवाशांनी जहाजावर परत चढण्याची शेवटची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटची वेळ सुटण्याच्या वेळेआधी साधारणपणे अर्धा ते एक तास असते आणि ती जहाजावर आदल्या रात्री मिळणाऱ्या दिनक्रमाच्या पत्रकात छापलेली असते. हिशेब या दुसऱ्या वेळेपासून मागे मोजत करायचा.

समजा, जहाज संध्याकाळी सहाला सुटणार आहे आणि शेवटची वेळ पाचची आहे. बंदराच्या फाटकावर तपासणी, आतला प्रवास आणि शिडीपाशी लागणारी रांग यांसाठी पूर्ण एक तास राखून ठेवावा, म्हणजे फाटकावर चारला पोहोचायचे. किनाऱ्यापासून फाटकापर्यंतचा प्रवास पाऊण तासाचा असेल, तर त्याला आणखी पंधरा मिनिटांची जोड द्यावी. अशा प्रकारे किनारा सोडण्याची वेळ तीन वाजता येते. ही वेळ कागदावर लिहून सोबतच्या प्रत्येकाला सांगावी. एकाच माणसाच्या डोक्यात राहिलेली वेळ त्या माणसाला डुलकी लागली की संपते.

तपासणी: परदेशातून आलेल्या जहाजाचे घड्याळ कधी कधी भारतीय वेळेपेक्षा वेगळे असते. मोबाइल मात्र किनाऱ्याजवळ येताच आपोआप भारतीय वेळ दाखवू लागतो. उतरण्यापूर्वी जहाजाच्या घड्याळाशी मनगटावरचे घड्याळ जुळवून घ्यावे आणि दिवसभर तेच पाहावे.

## टप्पा 2: अंतर पाहून किनारा निवडा

मुरगाव बंदर दक्षिण गोव्यात, झुवारी नदीच्या मुखाशी आहे. ही एक गोष्ट नकाशावर नीट पाहिली असती, तर माझ्या अर्ध्या पाहुण्यांचा दिवस वाचला असता. कळंगुट येथून सुमारे 45 किमी आहे आणि वाटेत झुवारी व मांडवी या दोन्ही नद्या ओलांडाव्या लागतात. नवा झुवारी पूल झाल्यापासून कुठ्ठाळीची जुनी कोंडी बरीच सुटली असली, तरी पर्वरी-पणजीच्या बाजूला किती वेळ जाईल हे कोणीच आधी सांगू शकत नाही. पाळोळे सुंदर आहे, पण ते 65 ते 70 किमीवर, म्हणजे एका बाजूला किमान दोन तासांवर आहे. आठ-नऊ तासांच्या थांब्यात ही दोन्ही नावे मनातून काढून टाकावीत.

आपल्या कामाचा आहे तो वेळसांवपासून दक्षिणेला मोबोरपर्यंत 20 किमीहून अधिक लांब पसरलेला सलग वाळूचा पट्टा. वेळसांव, आरोशी, उतोर्डा, माजोर्डा, बेताळभाटी, कोलवा, सेर्नाभाटी, बाणावली, वार्का, केळशी ही त्यावरची गावे उत्तरेकडून दक्षिणेकडे ओळीने येतात. किनारा एकच आहे, वेगळी आहेत ती त्यावर उतरण्याची ठिकाणे. निवड करताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

थांबा सात तासांपेक्षा मोठा असेल तर माझी पहिली पसंती आरोशीला आहे. बंदरापासून ते साधारण 20 किमीवर आहे, वाळूपर्यंत गाडी जवळ जाते आणि उजवीकडे वेळसांव किंवा डावीकडे उतोर्डा अशी दोन्ही बाजूंना चालायला मोकळी वाळू मिळते. वेळसांव त्याहूनही शांत आहे, मात्र तेथे खाण्यापिण्याची सोय तुटपुंजी आहे आणि टेकडीवरचा खतांचा कारखाना नजरेआड होत नाही. तेवढे चालत असेल तर तेथे जावे.

कोलवा बंदरापासून सुमारे 30 किमीवर आहे. जहाजाच्या सहलीच्या बसगाड्या, घाटावरून आलेल्या सहलीच्या बसगाड्या आणि संध्याकाळी मडगावची कुटुंबे असे तीन लोंढे तेथे एकत्र येतात. कोलवाच पाहायचे असेल तर गाडी सेर्नाभाटीला लावावी आणि तेथून वाळूवरून कोलव्याकडे चालत यावे. त्यामुळे आपण गर्दीत राहायचे की नाही हे आपल्या हाती उरते.

थांबा सहा तासांहून कमी असेल, किंवा सोबत फार वयस्कर माणसे असतील, तर बोगमाळो बरे. दाबोळी विमानतळाच्या मागच्या अंगाला असलेला हा छोटा उपसागर बंदरापासून दहा-बारा किमीवर आहे. पण तो लहान असल्याने दोन बसगाड्यांनीही भरतो. तेथे सकाळी लवकर जाऊन दुपारपूर्वी निघणे हाच उपाय आहे. बायणा सर्वांत जवळ आहे, परंतु तो शहराला लागून आहे आणि निवांतपणाच्या शोधात असलेल्याने तेथे जाऊ नये.

सावधान: रविवार आणि नाताळ ते नववर्ष हा आठवडा वेगळा धरावा. त्या दिवसांत दुपारनंतर कोलवा-बाणावलीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. परतीच्या वेळेत अर्ध्या तासाची वाढ करावी आणि वेळसांव-आरोशीच्या पुढे जाऊ नये.

## टप्पा 3: आदल्या रात्रीची तयारी

पिशवी रात्रीच भरावी. सकाळी भरायला घेतली की अर्धा तास जातो आणि तोच अर्धा तास पुढे गर्दीत उभे करतो. पिशवीत प्रत्येकाचे जहाजाचे कार्ड आणि छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र हवे. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नये, कारण बंदरात परत शिरताना सुरक्षा रक्षक कार्ड व ओळखपत्र दोन्ही मागू शकतात. रोख रक्कम सुट्या नोटांत, पिण्याचे पाणी, टोपी, एक पातळ चादर, रोजची औषधे आणि ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी एवढे पुरे. सोने-नाणे जहाजावरच ठेवावे.

औषधांबाबत मी आग्रही आहे. एका हंगामात माझ्या मावशींच्या रक्तदाबाच्या गोळ्या खोलीत राहिल्या आणि रविवार असल्याने औषधाचे उघडे दुकान शोधण्यात आमचा सकाळचा दीड तास गेला. दिवसभराच्या गोळ्यांसोबत आणखी एका दिवसाच्या गोळ्या असाव्यात.

त्याच रात्री भरती-ओहोटीच्या वेळा पाहून ठेवाव्यात. दिवसातून दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात आणि त्या रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकतात. ओहोटीला ओली, घट्ट वाळू रुंद उघडी पडते आणि गुडघे दुखणारा माणूसही तिच्यावरून आरामात चालू शकतो. भरतीला उरते ती वरची भुसभुशीत वाळू. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा फरक अधिक जाणवतो. सकाळी भरती असेल तर चालण्याचा बेत कमी करून सरळ मोकळ्या ठिकाणी गाडी न्यावी.

## टप्पा 4: जहाजातून लवकर उतरा

जहाज धक्क्याला लागल्यावर सरकारी सोपस्कार होईपर्यंत कोणालाच उतरता येत नाही. त्यानंतर सहलीचे गट आधी सोडले जातात आणि इतर प्रवासी मागाहून उतरतात. नाश्ता जहाजावर उघडताच करावा आणि उतरण्याची घोषणा होण्याआधीच तयार राहावे. पहिल्या अर्ध्या तासात उतरलेला आणि दीड तासाने उतरलेला यांच्या दिवसात फार अंतर पडते. पहिल्याला टॅक्सी निवडता येते, सकाळची सावली मिळते आणि समुद्र शांत मिळतो. दुसऱ्याच्या वाट्याला ऊन, वारा आणि रांग येते.

मुरगाव हे मुळात मालवाहू बंदर आहे. आत मालाचे ट्रक व यंत्रे चालू असतात, त्यामुळे धक्क्यापासून फाटकापर्यंत पायी भटकण्याचा विचार करू नये. नेमून दिलेल्या बसने किंवा गाडीनेच बाहेर यावे आणि परतीला ती बस कोठून मिळेल हे उतरतानाच विचारून घ्यावे.

## टप्पा 5: टॅक्सी ठरवताना काय बोलावे

मुंबई-पुण्यात मोबाइलवर गाडी बोलावण्याची जी सवय झालेली असते, ती येथे अडचणीत आणते. ओला-उबरच्या भरवशावर राहू नये. गोव्यात मोबाइलवरून टॅक्सीची सेवा आहे, पण बंदराच्या दारात स्थानिक टॅक्सी-स्टँडचीच गाडी घ्यावी लागेल असे धरून चालावे. वाद घालण्यात सकाळ घालवू नये, बोलणी मात्र स्पष्ट करावीत. बोलताना हा क्रम ठेवावा:

1. किनाऱ्याचे नाव सांगावे. "चांगला बीच" म्हणू नये. "आरोशी, वाटेत कोठेही थांबा नाही" असे सांगावे.
2. रक्कम एका फेरीची की जाण्या-येण्याची, हे विचारावे.
3. थांबण्याचे किती तास धरले आहेत आणि त्यापुढे तासाला किती, हे ठरवावे.
4. परतीला भेटण्याची जागा आणि वेळ ठरवावी. ही वेळ पहिल्या टप्प्यात काढलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटे आधीची सांगावी.
5. गाडीच्या क्रमांकाचा फोटो काढावा, चालकाचा मोबाइल क्रमांक घेऊन तेथेच त्यांना एक फोन लावून पाहावा आणि सगळे पैसे परत आल्यावर देण्याचे ठरवावे.

चालकाशी आदराने बोलावे. मराठी येथे बहुतेकांना समजते आणि "दादा, आम्हाला तीन वाजता निघालेच पाहिजे, जहाज थांबणार नाही" एवढे आधी सांगितले की ते स्वतःच वेळेवर हाक मारतात, असा माझा अनुभव आहे.

वास्कोहून मडगावकडे जाणारी लोकल रेल्वे कासावली व माजोर्डा येथे थांबते, आणि कासावली स्थानकातून आरोशी जवळ आहे. तरुण, सडे प्रवासी जाताना तिचा उपयोग करू शकतात. गाड्या मोजक्या असतात आणि उशीरही होतो, म्हणून परतीसाठी रेल्वेवर अवलंबून राहू नये.

नेहमीची चूक: भाड्याची स्कूटर. येथे भाड्याच्या दुचाकीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेणे बेकायदेशीर आहे आणि पोलिसांनी अडवले की वेळ व पैसा दोन्ही जातात. काळी पाटी असली तरी एका दिवसासाठी ती घेणे, पंक्चरच्या भीतीत फिरणे आणि वेळेवर परत करणे हे जहाजाच्या प्रवाशाला जमणारे काम नाही.

## टप्पा 6: वाळूवर उतरल्यावर पहिली पंधरा मिनिटे

माणूस वाळूवर पाय ठेवतो, समोर समुद्र दिसतो आणि तो तिथेच चादर अंथरतो. प्रत्येक जण असेच करतो, म्हणून वाहनतळासमोर गर्दी होते. आपण थांबू नये. चपला हातात घ्याव्यात, पाण्याच्या कडेच्या ओल्या वाळूवर यावे आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे एकाच दिशेने चालावे. एवढ्या वेळात साधारण एक किमी अंतर होते आणि जवळजवळ नेहमीच आपण शेवटच्या गटाच्या पुढे गेलेले असतो.

चालण्यापूर्वी दोन कामे करावीत. आपण उतरलो त्या वाटेचा जमिनीकडे तोंड करून फोटो काढावा, कारण माडांची रांग आणि शॅकची, म्हणजे वाळूवरच्या खाण्यापिण्याच्या झोपड्यांची, छपरे परत येताना सगळी सारखीच दिसतात. मोबाइलच्या नकाशावर त्या जागेची खूणही करून ठेवावी. माझ्या एका मित्राचे कुटुंब परतीला भलत्याच वाटेने वर चढले आणि चालक एका गावात, कुटुंब दुसऱ्या गावात अशी पाऊण तास शोधाशोध झाली.

वाटेत रापण ओढणारे मच्छीमार दिसले तर थांबून पाहावे, पण दोरखंड ओलांडू नयेत आणि जाळ्यात पाय घालू नये. ते त्यांच्या पोटापाण्याचे काम आहे. वाळूच्या टेकड्यांवर पसरलेली मर्यादवेल तुडवू नये, तीच ती वाळू धरून ठेवते. समुद्राला मिळणारा एखादा ओहोळ आडवा आला तर तो ओलांडण्याआधी भरतीची वेळ आठवावी. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी भरतीला मांडीपर्यंत येऊ शकते आणि परतीची वाट अडते.

बसण्याची जागा निवडताना सूर्याचा विचार करावा. हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी माडांची व सुरूंची सावली समुद्राच्या बाजूला, म्हणजे वाळूवर पडते. दुपारी बारानंतर ती सावली उलट्या अंगाला जाते. म्हणून सकाळ झाडांच्या कडेला काढावी आणि साडेअकराच्या सुमारास शॅकच्या छपराखाली जावे. माडाखाली बसताना वर नारळ लटकत नाहीत ना, हेही पाहावे.

## टप्पा 7: पाण्यात उतरण्याआधी

येथे गर्दी टाळण्याची ओढ आणि सुरक्षितता यांचा खरा विरोध आहे. बसण्यासाठी एकांत निवडावा, पोहण्यासाठी नाही. गोव्याच्या किनाऱ्यांवर दृष्टी मरीन या संस्थेचे जीवरक्षक 2008 पासून काम करतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला भाग पोहण्यासाठी असतो, लाल झेंडा असेल तेथे पाण्यात उतरायचे नाही. पोहायचे असेल तेव्हा जीवरक्षकाच्या मनोऱ्यासमोर यावे आणि नंतर आपल्या जागी परत जावे. मोकळ्या जागी पाय भिजवणे ठीक, गुडघ्याच्या वर पाणी नको.

सकाळी वारा जमिनीकडून येतो आणि पाणी शांत असते. दुपारी समुद्रावरचा वारा सुटतो आणि लाटा वाढतात. त्यामुळे पोहणे अकराच्या आत उरकावे. पाण्याची ओढ आत नेऊ लागली तर किनाऱ्याकडे झुंजत पोहू नये. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडावे आणि हात वर करून मदत मागावी. जेलीफिश चावल्यास ती जागा चोळू नये, गोड्या पाण्याने धुऊ नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावी आणि जीवरक्षकाकडे जावे.

सावधान: उघड्या किनाऱ्यावर मद्यपान करणे, काचेच्या बाटल्या नेणे आणि चूल मांडणे हे गोव्यात दंडनीय आहे. दारू पिऊन पाण्यात जाणे तर कोणत्याही किनाऱ्यावर जिवाशी खेळ आहे.

## टप्पा 8: जेवण लवकर सांगा

शॅकमध्ये एक वाजता सगळे एकदम जेवायला बसतात आणि मासळी तळून यायला तासभर लागतो. बाराच्या आत जेवण सांगावे. खाटेचे वेगळे पैसे आहेत का, हे बसण्याआधी विचारावे. अखंड मासा घ्यायचा असेल तर तो पाहून, वजन व किंमत विचारून मगच सांगावा. पैशांवरून होणारी बहुतेक भांडणे हे विचारायचे राहिल्यामुळे होतात. गावातल्या साध्या खानावळीत हुमण (माशाची आमटी), भात, तिसऱ्या (शिंपल्या) आणि सोलकढीची थाळी अधिक चांगली व लवकर मिळते. फक्त दुपारी तीनच्या आसपास तिची दारे बंद होतात, हे लक्षात ठेवावे.

## टप्पा 9: परतीचा प्रवास

ठरलेल्या वेळेच्या तीस मिनिटे आधी कपडे बदलून, वाळू झटकून चालायला लागावे. सकाळी पंधरा मिनिटांत चाललेले अंतर परतीला उन्हात व भरल्या पोटी वीस मिनिटे घेते. गाडीत बसल्यावर माणसे मोजावीत, कार्डे मोजावीत.

वेळसांव-कासावलीच्या बाजूला रेल्वेमार्ग वस्तीला लागून जातो आणि मालगाडीसाठी फाटक बंद झाले तर थांबावेच लागते. म्हणूनच पहिल्या टप्प्यात पंधरा मिनिटांची जोड दिली. वाटेत काजू घ्यायचे असतील तर ते वास्को शहरात, फाटकावर पोहोचण्याची वेळ सांभाळून घ्यावेत. फेणी किंवा इतर मद्य जहाजावर नेऊ दिले जात नाही किंवा प्रवास संपेपर्यंत काढून ठेवले जाते, तेव्हा तपासणीच्या यंत्रापाशी हुज्जत घालण्यापेक्षा ते न घेतलेलेच बरे.

## उशीर होतच असेल तर

दिनक्रमाच्या पत्रकावर बंदरातल्या जहाज-प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो. उतरण्यापूर्वी त्या पत्रकाचा फोटो काढावा. गाडी अडकली आणि शेवटची वेळ चुकण्याची चिन्हे दिसली की ताबडतोब त्या क्रमांकावर फोन करून नावे, खोली क्रमांक आणि आपण कोठे आहोत हे सांगावे. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्या कुटुंबासाठी थांबेलच असे नाही. जहाज सुटलेच, तर बंदराच्या फाटकावर ताटकळत बसू नये. मडगाव स्थानक गाठावे आणि मुंबईची पहिली मिळेल ती गाडी पकडावी. मूळ ओळखपत्र, रोख रक्कम आणि एका दिवसाची जास्तीची औषधे पिशवीत असली, तर तो प्रवास त्रासाचा होईल, पण संकटाचा होणार नाही.